घर सोडा म्हणता, तर परत कधी आणणार तेही लिहून द्या

मे महिन्याच्या अखेरीस मुंबईत दोन याद्या निघतात. एक महापालिकेची, दुसरी म्हाडाच्या मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाची. पहिलीत शहर आणि उपनगरांतल्या अतिधोकादायक इमारती असतात, दुसरीत शहर भागातल्या उपकरप्राप्त, म्हणजे सेस भरणाऱ्या जुन्या इमारती. दोन्ही याद्यांखाली दरवर्षी तेच आवाहन असतं: रहिवाशांनी पावसाळ्यापूर्वी घरं रिकामी करून प्रशासनाला सहकार्य करावं. मग पाऊस येतो. बरेचसे लोक तिथेच असतात. आणि एखादी इमारत कोसळली की पहिला प्रश्न हाच येतो, नोटीस दिली होती तरी ही माणसं राहिलीच कशी?

हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकतो आहे, कारण तो माझ्याच माणसांबद्दल विचारला जातो. माझी मावशी गिरगावातल्या एका तीनमजली चाळीत राहते. गॅलरीला लाकडी टेकू आहेत, जिन्याखाली लोखंडी. चाळीतली पोरं टेकूंना वळसा घालून धावतात. टेकू नसलेली गॅलरी त्यांनी पाहिलेलीच नाही. मावशीला दोनदा नोटीस मिळाली. दोन्ही तिने घडी घालून एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवल्या आहेत. त्याच पिशवीत तिच्या सासऱ्यांच्या नावापासूनच्या भाडेपावत्या आहेत, जुनं रेशनकार्ड आहे, लाइटबिलं आहेत. पावसाळ्यात ती पिशवी उशाशी घेऊन झोपते. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "माती पडायला लागली की आधी पिशवी उचलायची, मग जिना गाठायचा."

छत खाली येत असताना जिच्या हाताला आधी पावत्या लागतात, तिला मरणाचं भान नाही असं कुणी म्हणू नये. तिला ते पुरेपूर आहे. तिला आणखीही एका गोष्टीचं भान आहे: ह्या जिन्यावरून खाली उतरल्यावर ती ह्या वाडीतली आहे, हे सिद्ध करायला त्या पिशवीवाचून तिच्याजवळ काही नाही. दोन्ही नोटिसांवर इमारतीचा क्रमांक आहे, कलम आहे, मुदत आहे. तिचं नाव भाडेकरू म्हणून कुठेच नाही. तिच्या खोलीचं क्षेत्रफळ नाही. ती कुठे जाणार आणि कधी परतणार, हे तर नाहीच.

माझं म्हणणं एवढंच आहे. धोकादायक इमारतींविषयी आपण जे नियम केले, ते इमारत रिकामी करण्याचे नियम आहेत. माणसं परत आणण्याचे नियम त्यांत विखुरलेले, अर्धे आणि कुणालाच न बांधणारे आहेत. नोटीस आणि परतीची हमी एकाच कागदावर, एकाच सहीने येत नाही तोवर लोक टेकूखाली राहणंच पत्करतील. आणि तोवर त्यांना हटवादी म्हणायचा अधिकार कुणालाही नाही.

कायदा काय सांगतो ते आधी पाहू. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ सालचा. त्याच्या कलम ३५४ खाली आयुक्त मालकाला किंवा तिथे राहणाऱ्याला लेखी नोटीस देऊ शकतात: इमारत पाडा, तिला आधार द्या किंवा दुरुस्त करा. पुढे त्यात कलम ३५३ ब आलं. इमारतीला ३० वर्षं झाली की नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घ्यायची आणि अहवाल महापालिकेला द्यायचा. तपासणीवरून वर्ग ठरतो. सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे माणसं न हलवता दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. दोन अहवाल एकमेकांविरुद्ध गेले तर प्रकरण तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. सी-१ ठरल्यावरही कुणी हललं नाही तर पाणी आणि वीज तोडायची, शेवटी पोलिसांना बोलवायचं. उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये घालून दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत हा सगळा क्रम आहे. पाडण्याआधी प्रत्येकाच्या ताब्यातली जागा मोजून नोंदवून ठेवा, हेही त्यांतच सांगितलं आहे.

त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने फार मोलाचा निर्वाळा दिला. प्रकरण सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेने पाडलेल्या एका इमारतीचं होतं. न्यायालय म्हणालं, इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. भाडेपट्टा नुसत्या भिंतींचा नसतो, खालच्या जमिनीशीही तो बांधलेला असतो. मुंबईतल्या प्रत्येक पागडीवाल्या, म्हणजे सुरुवातीला मोठी रक्कम देऊन नाममात्र भाड्याने घेतलेल्या, घरात हा निकाल चौकटीत लावावा इतका महत्त्वाचा आहे.

तरी मावशी हलत नाही, कारण हक्क आणि खोली ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिने डोळ्यांनी पाहिलं आहे. तिच्या शेजारच्या गल्लीतली एक चाळ पाडली गेली तेव्हा सगळ्यांचे हक्क शाबूत होते. आज तिथे पत्र्याचं कुंपण आहे आणि आत गवत. मूळच्या बिऱ्हाडांतली काही नालासोपाऱ्याला आहेत, काही गावी गेली, दोन म्हातारी माणसं वाट बघत वारली. त्यांच्या मुलांच्या हातात आता हक्क आहे आणि कोर्टाची तारीख.

संक्रमण शिबिरं, म्हणजे घर रिकामं केलेल्यांना तात्पुरतं ठेवायच्या वसाहती, हा ह्या कथेतला सगळ्यांत मोठा भाग आहे आणि त्याच्याबद्दल आपण सगळ्यांत कमी बोलतो. शीवचं प्रतीक्षानगर, विक्रोळीचं कन्नमवारनगर, गोरेगाव, मालवणी, गोराई. दोनतीन वर्षांसाठी म्हणून तिथे नेलेली कुटुंबं तीसतीस वर्षं राहिली. संक्रमणातच मुलं जन्मली, त्यांची लग्नं झाली. काही मूळ इमारती कधी उभ्याच राहिल्या नाहीत, कारण भूखंड अरुंद होता, किंवा रस्तारुंदीत गेला, किंवा आरक्षणात अडकला. अशा लोकांसाठी म्हाडाने बृहतसूची, म्हणजे कायमच्या घराला पात्र असलेल्यांची मोठी यादी, केली. तिच्यात नाव लागावं म्हणून पुन्हा तीच पिशवी घेऊन खेटे घालायचे. शिबिरांत घुसखोर शिरले, गाळे विकले गेले, आणि खरा माणूस कोण हे ठरवण्यासाठी नवी सर्वेक्षणं सुरू झाली. चाळीतला प्रत्येक जण अशा एकादोघांना तरी ओळखतो. सरकारी पत्रकातल्या आवाहनापेक्षा ह्या ओळखीच्या माणसांचं आयुष्य त्याला जास्त खरं वाटतं, आणि ते बरोबरच आहे.

महापालिकेकडे शिबिरं नाहीत, तिच्याकडे प्रकल्पग्रस्तांसाठी बांधलेली घरं आहेत, आणि त्यांतली बरीच माहुलला आहेत. रिफायनऱ्यांच्या शेजारच्या त्या वसाहतीत तानसा जलवाहिनीलगतची कुटुंबं नेली होती. तिथल्या हवेमुळे त्यांना तिथे राहायला लावू नका, भाड्यापोटी महिन्याला १५,००० रुपये द्या, असं उच्च न्यायालयाला २०१९ मध्ये सांगावं लागलं. गिरगावच्या किंवा परळच्या माणसाला धोकादायक इमारतीतून काढून तिथे जा म्हणायचं, हा सुरक्षिततेचा कोणता अर्थ झाला?

अंतर ही क्षुल्लक गोष्ट नाही, हेही इथे सांगायला हवं. मावशी पोळीभाजीचे डबे करते. अकरा डबे, फोर्टमधल्या ऑफिसांत जाणारे. शेजारचा मुलगा सायकलवरून नेतो. गोराईला गेल्यावर तिचा एकही डबा राहणार नाही. वरच्या मजल्यावरच्या काकांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा असतं, ते चालत जाण्याच्या अंतरावर आहे म्हणून परवडतं. चाळीत माणसं दहा बाय बाराच्या खोलीत राहतात, पण त्यांचं पोट, दवाखाना, शाळा, उसनं मागायची जागा हे सगळं त्या खोलीच्या आजूबाजूला अर्ध्या मैलात असतं. सुरक्षित घर द्यायचं म्हणजे हे सगळंही विचारात घ्यायचं. नियमात त्याचा उल्लेखसुद्धा नाही.

आता दुसरी बाजू. ती मी टाळणार नाही, कारण तीत तथ्य आहे.

लोक म्हणतात, भाडं शंभरदोनशे रुपये द्यायचं आणि दुरुस्ती मात्र दुसऱ्याने करायची, हा कुठला न्याय? १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला गोठवली आणि ती अर्धशतक तिथेच राहिली. १९९९ च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली, पागडीलाही मान्यता दिली. पण मुळातली रक्कमच इतकी लहान की चार टक्क्यांनी काही होत नाही. घरमालकाने कुठून आणायचा सिमेंटचा पैसा? माझ्या मते ह्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देणं भाडेकरूंच्या बाजूने बोलणाऱ्यांनी फार वर्षं टाळलं. कमी भाड्याने आपल्या घरातली माणसं ह्या शहरात टिकली आणि त्याच कमी भाड्याने वरचं छत कुजलं. दोन्ही खरं आहे.

कायद्याने भाडेकरूला स्वतः दुरुस्ती करायची वाट ठेवली आहे, पण ती वाट बघा कशी आहे. १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याचं कलम १४ म्हणतं, मालकाने दुरुस्ती केली नाही तर नोटीस देऊन भाडेकरूने करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. पण एका वर्षात वर्षभराच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक नाही. महिन्याला २०० रुपये भाडं धरा. वर्षाचे २,४०० झाले. त्यातून वळते करता येतील ६०० रुपये. एका गॅलरीचे वासे बदलायला लागलेले पैसे वसूल व्हायला दोन पिढ्या जातील. हे कलम वाचून कुणी दुरुस्तीला हात घालेल असं मला वाटत नाही.

पण कमी भाड्याच्या मुद्द्यावर जे लोक थांबतात ते एक गोष्ट विसरतात. १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळ स्थापन झालं तेव्हा शहरात १९,६४२ उपकरप्राप्त इमारती होत्या. त्यांतल्या १६,५०२ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या. योजना अशी की रहिवाशांनी सेस भरायचा आणि मंडळाने दुरुस्ती करायची. म्हणजे त्या दिवसापासून सरकार ह्या घरांच्या बाबतीत बाहेरचं राहिलं नाही. त्याने पैसे घेऊन जबाबदारी स्वीकारली. दुरुस्तीच्या खर्चाला चौरस मीटरमागे मर्यादा ठेवली, त्यावरचा खर्च रहिवाशांवर टाकला, मर्यादा महागाईच्या मागे राहिली आणि काम टेकूंवर निभावलं. टेकू हा तात्पुरता उपाय आहे, हे तो लावणाऱ्या गवंड्यालाही ठाऊक असतं. ५० वर्षांहून जास्त काळ सेस भरलेल्या माणसाने परतीची हमी मागितली, तर तो उपकार मागत नाही. त्याने आगाऊ भरलेल्या पैशांतलं काम मागतो आहे.

तपासणीबद्दलही बोलायला हवं. ज्याला इमारत पाडायची आहे तो मालक आपला इंजिनिअर आणतो, अहवाल सी-१ येतो. ज्यांना राहायचं आहे ते भाडेकरू आपला इंजिनिअर आणतात, अहवाल सी-२ येतो. दोघेही नोंदणीकृत, दोघांनीही हातोडीची चाचणी केलेली, काँक्रीटमधून ध्वनिलहरी सोडलेल्या, काँक्रीटचे नमुने म्हणजे कोअर काढलेले. पैसे देणाऱ्याच्या मनात काय आहे हे अहवालाला आधीच कळलेलं असतं, असा संशय ह्या शहरात सगळ्यांना आहे. कुर्ल्याच्या नाईकनगरमधली इमारत २७ जून २०२२ च्या रात्री कोसळली, १९ माणसं गेली. ती आधी सी-१ ठरली होती. नंतर दुसऱ्या अहवालाने तिला दुरुस्तीजोगी ठरवलं. मेलेल्यांत बहुतेक मजूर होते, खोल्या भाड्याने घेऊन राहणारे. त्यांना ना पहिला अहवाल कुणी दाखवला असेल, ना दुसरा.

आणि यादीचं पाहा. म्हाडाच्या २०२४ च्या यादीत २० अतिधोकादायक इमारती होत्या. २०२५ च्या यादीत ९६. एका वर्षात ७६ इमारती एकदम म्हाताऱ्या झाल्या नाहीत. पद्धतशीर स्ट्रक्चरल ऑडिट हाती घेतलं तसा आकडा वाढला. म्हणजे आधीच्या वर्षी त्यांतल्या कितीतरी इमारतींत लोक आपण यादीत नाही म्हणून निर्धास्त झोपले होते. यादीत नसणं म्हणजे सुरक्षित असणं नाही. घाटकोपरची इमारत २५ जुलै २०१७ ला पडली ती वयामुळे नाही, तळमजल्यावरच्या तोडफोडीमुळे, आणि १७ जीव गेले. डॉकयार्ड रोडला २७ सप्टेंबर २०१३ ला ६१ माणसं मेली. ती इमारत महापालिकेची स्वतःची, राहणारे तिचेच कर्मचारी. तिथे घरमालक कंजूष होता किंवा भाडेकरू हट्टी होते, असं कुणाला म्हणता येईल?

म्हणून तपासणी करणारा माणूस मालकाने नेमू नये, भाडेकरूनेही नेमू नये. महापालिकेने नोंदणीकृत इंजिनिअरांच्या यादीतून पाळीपाळीने नेमावा, त्याचे पैसे एका निधीतून द्यावेत, आणि अहवाल मराठीत, चार पानांत, इमारतीच्या दारावर लावावा. कोणत्या पिलरचं लोखंड किती गंजलं, कोणता बीम उतरला, हे तिथे राहणाऱ्याला वाचता आलं पाहिजे. वर्ग बदलला तर का बदलला तेही. हे एवढं झालं तरी तांत्रिक समितीपुढचं ओझं निम्म्यावर येईल असं मला वाटतं.

जबाबदारी कुणाची, हा घोळ तर जीवघेणा आहे. डोंगरीत तांडेल स्ट्रीटवरची केसरबाई इमारत १६ जुलै २०१९ ला पडली. ढिगारा उपसणं चालू असतानाच, पडलेला भाग म्हाडाचा की अनधिकृत, नोटीस कुणी द्यायची होती, यावर म्हाडा आणि महापालिका यांच्यात वाद सुरू झाला. शहरात उपकरप्राप्त इमारत एकाची, बिगर उपकरप्राप्त दुसऱ्याची, बीआयटी (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने बांधलेल्या) चाळी महापालिकेच्या, बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या) सरकारच्या, उपनगरातल्या सोसायट्या त्यांच्या त्यांच्या, आणि वस्त्यांमधली तीनचार मजल्यांची बांधकामं कुणाचीच नाहीत. ९ जून २०२१ ला मालवणीत तसंच एक घर पडलं, १२ जण गेले, त्यांत आठ मुलं. ह्या घरांना नोटीससुद्धा जात नाही. त्यांच्याबद्दल वेगळं लिहावं लागेल, इथे दोन ओळींत ते आटोपण्यासारखं नाही.

नवं काही झालंच नाही असंही नाही. म्हाडा कायद्यात कलम ७९ अ आलं. विधिमंडळाने २०२० मध्ये मंजूर केलं आणि २०२२ च्या अखेरीस राष्ट्रपतींची संमती मिळाली. इमारत धोकादायक ठरली की मालकाला सहा महिने: ५१ टक्के रहिवाशांच्या संमतीने पुनर्विकासाचा प्रस्ताव आणा. त्याने आणला नाही तर रहिवाशांच्या नियोजित सोसायटीला सहा महिने. तिनेही नाही केलं तर म्हाडाने जागा संपादित करून स्वतः बांधायचं. ह्या कलमामागचा विचार मला पटतो. पहिल्यांदाच कायद्याने असं गृहीत धरलं की मालक काहीच करणार नाही, आणि पुढची पायरी लिहून ठेवली. पण त्याखाली काढलेल्या ९३५ नोटिसा २०२५ मध्ये उच्च न्यायालयात वादात सापडल्या. मालकांचा आक्षेप होता की इमारत खरोखर धोकादायक आहे हे नीट न ठरवताच नोटिसा निघाल्या. तपासणी विश्वासार्ह नसेल तर चांगलं कलमही पांगळं होतं, ते असं.

हमी दिली की लोक हलतात, याचं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. वरळीच्या बीडीडी चाळी शंभर वर्षांच्या. पुनर्विकासाचं भूमिपूजन २२ एप्रिल २०१७ ला झालं आणि पुढची काही वर्षं फारसं काही घडलं नाही, कारण घर सोडण्याआधी नोंदणीकृत करारनामा हातात हवा, हा तिथल्या लोकांचा आग्रह होता. त्या वेळी त्यांनाही अडवणूक करणारे म्हटलं गेलं. करार झाले, संक्रमण गाळे किंवा भाडं मिळालं, मग माणसं खाली उतरली. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. आठ वर्षं फार झाली, हे मान्य. जमीन सरकारची होती म्हणून तिथे सोपं गेलं, हेही मान्य. पागडीच्या चाळीत मालक असतो, त्याचे पाच वारस असतात, त्यांचे आपसात खटले असतात. पण लोकांच्या मनात नेमकं काय अडतं, ते वरळीने दाखवलं. सही केलेला, नोंदवलेला कागद मिळाल्यावर शंभर वर्षांच्या चाळी रिकाम्या झाल्या. पोलीस लागले नाहीत म्हणून ही गोष्ट कुणी नोंदवून ठेवत नाही, मी ती इथे नोंदवतो आहे.

माझ्या म्हणण्याला अडचणीचं एक उदाहरण आहे, तेही सांगतो. भेंडीबाजारातल्या हुसैनी इमारतीला २०११ मध्ये नोटीस मिळाली होती. तिथे तर पुनर्विकासाची मोठी योजना चालू होती, काही कुटुंबं पर्यायी घरांत गेलीही होती. बाकीची राहिली. ३१ ऑगस्ट २०१७ च्या सकाळी इमारत पडली आणि ३३ जण गेले. म्हणजे पर्याय असूनही सगळे जातातच असं नाही. एखाद्याचा तळमजल्यावर धंदा असतो, कुणाला जास्त जागा हवी असते, एखादा शेवटपर्यंत ताणून धरतो. अशा वेळी वीज तोडावी लागली, हाताला धरून बाहेर काढावं लागलं, तर मी त्याच्या विरोधात नाही. सी-१ इमारतीत मूल झोपलेलं असताना बापाच्या हट्टाला मान द्यायचा नसतो. पण बळ वापरायचा अधिकार हमी दिल्यानंतर येतो. आज तो आधी वापरला जातो, आणि त्याच्या जोडीला रहिवाशांकडून हमीपत्र लिहून घेतलं जातं: आम्ही आमच्या जबाबदारीवर इथे राहतो, काही झालं तर प्रशासन जबाबदार नाही. मला ह्या कागदाचा मनापासून राग येतो. इमारत पडल्यावर त्याने एकाही माणसाचा जीव वाचत नाही. ज्याने तो घेतला त्याची फक्त खुर्ची वाचते. तो घेणंच नियमाने बंद करायला हवं.

त्याऐवजी उलटं हमीपत्र हवं, प्रशासनाने रहिवाशाला दिलेलं. नोटिशीच्या पाठीवर ते छापता येईल. त्यावर बिऱ्हाडाचं नाव, ताब्याचा प्रकार, मोजलेलं चटईक्षेत्र, सही आणि शिक्का. मोजणी नोटिशीआधी झालेली हवी, नंतर नाही. पर्यायी जागेचा पत्ता हवा, तोही त्याच वॉर्डात किंवा शेजारच्या. ती नसेल तर त्या भागातल्या चालू दराने भाडं, पहिल्या महिन्याचं आगाऊ. जागा पाडल्यापासून किती दिवसांत बांधकामाचा प्रस्ताव मंजूर होईल त्याची तारीख. तारीख हुकली तर भाडं दर सहा महिन्यांनी वाढेल, हे वाक्य. इमारतीत नुसतेच भाड्याने राहणारे मजूर असतील तर परतीचा हक्क त्यांना मिळणार नाही, पण डोक्यावर छप्पर आणि तीन महिन्यांचं भाडं मिळालंच पाहिजे. नाईकनगरमध्ये असेच लोक होते. आणि ह्या कागदाची एक प्रत जमिनीच्या नोंदीला जोडावी, म्हणजे मालकाने उद्या प्लॉट विकला तरी घेणाऱ्याला आत किती बिऱ्हाडांचा हक्क आहे ते दिसेल.

पैसा कुठून आणायचा, असं विचारलं जाईल. जुन्या इमारतीच्या पुनर्विकासात बिल्डरला तीनपर्यंत एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या तिप्पट बांधकाम, मिळतो, समूह पुनर्विकासात चारपर्यंत. फंजिबल, म्हणजे पैसे भरून मिळणाऱ्या जादा एफएसआयचं आणि इतर अधिमूल्य सरकार आणि महापालिका घेतातच. ह्या पैशांतला ठरावीक वाटा फक्त ह्या हमीसाठी बाजूला काढून ठेवला आणि संक्रमण गाळे प्रत्येक वॉर्डात थोडे थोडे बांधले, तर पैसा पुरेल की नाही याचा हिशेब निदान मांडता तरी येईल. आज तो मांडलेलाच नाही. हमी दिली की खर्च अंगावर येतो, म्हणून घाईघाईने सी-१ ठरवायची सवयही आपोआप सुटेल. प्रशासनाला खरंच धोकादायक असलेल्या इमारतींवर आधी लक्ष द्यावं लागेल, आणि ज्या दुरुस्त होऊ शकतात त्यांची दुरुस्ती त्याला स्वस्त पडेल.

ह्या मेमध्ये पुन्हा यादी येईल. मावशीच्या चाळीत गेल्या आठवड्यात कुणीतरी येऊन टेकूंवर लाल रंगाने क्रमांक टाकून गेलं. तिच्या गॅलरीतल्या टेकूचा क्रमांक सात आहे. तिने तो एका चिठ्ठीवर लिहून घेतला आणि चिठ्ठी पिशवीत ठेवली. मी विचारलं, हा कशाला? ती म्हणाली, "उद्या विचारलं तुम्ही कुठल्या टेकूजवळ राहत होता, तर सांगता यायला हवं ना."